दमट हवेत बुटाला नुसती भोके पुरत नाहीत

उकाडा वाढला आणि पाऊस तोंडावर आला की एक संदेश पणजीपासून वाळपईपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून नव्याने फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा आहे: पाय थंड ठेवायचे असतील तर जाळीचाच बूट घ्या, कारण भोके जितकी जास्त तितकी हवा जास्त, मोजे घालू नका, ते उष्णता कोंडतात, चामडे पूर्णपणे टाळा, पावसाळ्यात ‘वॉटरप्रूफ पण ब्रीदेबल’ बूट वापरा, आत थंडावा देणारा जेलचा इनसोल घाला, आणि जमेल तिथे सरळ चप्पल वापरा. माझे काम बुटांच्या रचनेचे आहे आणि ते मुख्यतः कारखान्यांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आणि पहाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या पायांशी संबंधित आहे. या माणसांना रोज आठ ते बारा तास बूट काढता येत नाहीत. त्यांच्यासाठी या संदेशातील बहुतेक सल्ला निरुपयोगी आणि काही सल्ला अपायकारक आहे, म्हणून त्यातील एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा भोकांचा, आणि बाकीचे सगळे दावे त्याच्यावरच उभे आहेत. तळपायाच्या कातडीवर घामाच्या ग्रंथींची जेवढी दाटी असते तेवढी शरीरावर फार थोड्या ठिकाणी असते. दोन्ही पावले मिळून या ग्रंथी सुमारे अडीच लाख भरतात. घाम वाफ होऊन उडाला तरच थंडावा मिळतो, कारण एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता खर्च होते. घाम नुसता साचून राहिला तर पाय ओला होतो, थंड होत नाही. आता ही वाफ बाहेर जायची तर बाहेरच्या हवेत तिला जागा हवी, आणि गोव्याचा प्रश्न नेमका इथे आहे.

बुटाच्या आत कातडीजवळची हवा ३५ अंशांच्या आसपास आणि बाष्पाने जवळपास भरलेली असते. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ४० ग्रॅम बाष्प मावते. मे महिन्यात गोव्यात दुपारी ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरच्या हवेत घनमीटरमागे सुमारे २५ ग्रॅम बाष्प आधीच असते. जुलैत तापमान २८ अंशांवर उतरते, पण आर्द्रता ९० टक्क्यांकडे जाते, त्यामुळे बाष्पाचा आकडा जवळजवळ तेवढाच राहतो. याउलट नागपुरात मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर त्या कडक उन्हातल्या हवेत घनमीटरमागे जेमतेम १२ ग्रॅम बाष्प असते. म्हणजे बुटात शिरून बाहेर पडणारी एक घनमीटर हवा नागपुरात सुमारे २८ ग्रॅम ओल नेऊ शकते, तर गोव्यात फार तर १५ ग्रॅम. कोरड्या प्रदेशात जाळीचा बूट समाधान देतो यात शंका नाही, आणि हा संदेश तशाच अनुभवातून निघाला असावा. परंतु तोच बूट घालून मडगावच्या बाजारात उभे राहणाऱ्याला तोच अनुभव येईल असे मानणे चुकीचे आहे.

हिशेब थोडा पुढे नेऊ. समजा, एका पायाला तासाला पाच ग्रॅम घाम आला. तो सगळा केवळ हवेच्या ये-जा करण्याने न्यायचा, तर गोव्यात त्या बुटातून तासाला ३३० लिटरच्या वर हवा खेळली पाहिजे. चालणाऱ्या माणसाचा पाय मिनिटाला पन्नासेक वेळा जमिनीवर टेकतो असे धरले, तर दर पावलाला शंभर मिलिलिटरहून अधिक हवा बदलायला हवी, आणि नीट बसणाऱ्या बुटात पायाभोवती तेवढी मोकळी जागाच जेमतेम असते. पहारेकरी तर चालतही नाही. म्हणून नुसत्या हवेच्या भरवशावर गोव्यात पाय कोरडा राहत नाही; काही ओल हवेने न्यावी लागते आणि उरलेली मोज्याने, अस्तराने व इनसोलने शोषून घ्यावी लागते.

शिवाय जाळी दिसते म्हणजे हवा खेळते असेही नाही. बाजारातल्या एखाद्या जाळीच्या बुटात अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून पाहावे. चवड्याच्या वरच्या भागातून उजेड ठिपक्याठिपक्यांनी बाहेर येतो. पण दोन्ही बाजूंना, जिथे आकार टिकवण्यासाठी प्लॅस्टिकचे पातळ पत्रे चिकटवलेले असतात, तिथे मिट्ट काळोख असतो. जिभेच्या आतल्या जाड फोमातून काहीच दिसत नाही, आणि टाचेभोवतीची गादी तर पूर्ण बंद असते. बाहेरून जाळी, मधे फोम, आत अस्तर आणि या तिन्हींना जोडणारा डिंकाचा थर, अशा रचनेत बाहेरची जाळी पुष्कळदा केवळ दिसण्यापुरती उरते. हवेला आत येण्याची एक वाट आणि बाहेर जाण्याची दुसरी वाट असावी लागते. एक तळाजवळ, दुसरी वर घोट्याकडे. पाऊल दाबले जाताना हवा वर ढकलली गेली पाहिजे आणि उचलले जाताना खालून नवी हवा आत ओढली गेली पाहिजे. ही भात्यासारखी हालचाल साधायची असेल, तर इनसोलखाली दबून पुन्हा वर येणारी पोकळी ठेवावी लागते, आणि भोकांच्या संख्येपेक्षा ती पोकळी कितीतरी महत्त्वाची ठरते.

हे काही नवे ज्ञान नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने उष्ण कटिबंधातील जंगलांसाठी जे बूट केले, त्यांत सरान या प्लॅस्टिकच्या जाळीचे थर एकमेकांवर जोडून केलेला इनसोल होता. तो पाय ओल्या तळापासून उचलून धरी आणि चालताना आतली हवा हलती ठेवी. पुढे व्हिएतनाममध्ये वापरलेल्या जंगल बुटांना आतल्या बाजूस, तळव्याच्या कमानीजवळ, जाळी बसवलेली छोटी छिद्रे होती. आत शिरलेले पाणी बाहेर पडावे हा त्यांचा मुख्य हेतू होता. भातशेतीच्या चिखलात वावरणाऱ्या सैनिकांसाठी रचनाकारांनी सबंध बुटाची चाळण केली नाही. कापडी वरचा भाग, चामड्याचे पाऊल, निचऱ्याची छिद्रे आणि उचललेला इनसोल यांचा मेळ घातला. आपल्या हवामानाला तोच विचार अधिक जवळचा आहे.

तळाला भोके पाडण्याची कल्पनाही याच विचारातून निघते. इटलीचे मारियो मोरेत्ती पोलेगातो यांनी अमेरिकेतील नेवाडा राज्यात, म्हणजे वाळवंटी हवेत, पाय तापल्यामुळे बुटाच्या तळाला सुरीने भोके पाडली आणि त्या कल्पनेतून पुढे जिऑक्स ही कंपनी उभी राहिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मात्र नुसत्या भोकांमधून पाणीही आत शिरते, म्हणून त्यांच्यावर बाष्प सोडणारा आणि पाणी अडवणारा पडदा बसवावा लागला. खरा शोध तो होता. घरच्या बुटाला सुरी लावणाऱ्याच्या हाती फक्त भोके येतात, आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो.

याच पडद्यांवर ‘वॉटरप्रूफ पण ब्रीदेबल’ हा दावा उभा आहे. १९६९ मध्ये बॉब गोर यांना ताणलेल्या टेफ्लॉनचा जो प्रकार सापडला, त्याच्यापासून गोअर-टेक्सचे पडदे तयार झाले. त्यांची छिद्रे पाण्याच्या थेंबाला अडवतात आणि बाष्पाच्या कणाला जाऊ देतात. हे तंत्र खरे आहे, त्यात फसवणूक नाही. पण बाष्प त्या पडद्यातून आपोआप बाहेर जात नाही. आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरक त्याला ढकलतो. थंड, कोरड्या डोंगरावर हा फरक मोठा असतो, तर जुलैतल्या डिचोलीत तो फारच कमी होतो, आणि बुटाचा वरचा भाग पावसाने भिजून चिंब झाला की पडद्याची वाट आणखी अडते. त्यातून रस्त्यावर घोट्याइतके पाणी असेल तर ते वरून आत शिरते, आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नाही तोच ते बाहेरही जाऊ देत नाही. आपल्या पावसाळ्यात बूट भिजणारच हे गृहीत धरून तो लवकर निथळेल आणि त्यातल्या त्यात लवकर वाळेल असा घ्यावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. निसरड्या फरशीवर किंवा रसायनांजवळ काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे गमबूट लागतातच, पण गरज असेल तेवढा वेळच ते घालावेत.

मोजे घालू नका, हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. मोजा नसला की घाम थेट कातडी आणि अस्तर यांच्यामध्ये साचतो, ओली कातडी घासली जाऊन फोड येतात, आणि करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, लिबलिबीत होऊन चिखल्या होतात. तिथेच बुरशी वाढते. दुर्गंधीचे कारणही घाम स्वतः नसून, ओलसर उबेत वाढणारे जीवाणू घामातील आणि मृत कातडीतील द्रव्ये पचवतात हे आहे. मोजा कोणता, हा प्रश्न मात्र रास्त आहे. प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतो, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. शुद्ध पॉलिएस्टरचा मोजा ओल पसरवतो, पण ती पलीकडे नेणारी कोरडी हवा आपल्याकडे नसते. शुद्ध जाड सुती मोजा ओल धरतो, पण सोडत नाही. म्हणून पातळ, मिश्र धाग्याचा मोजा घालावा आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो बदलावा. मोजे बदलण्याने जो फरक पडतो तो कोणत्याही महागड्या बुटाने पडत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

चामड्याबद्दलचा दावा अर्धा खरा आहे. ज्या चामड्यावर प्लॅस्टिकचा चकचकीत थर चढवलेला असतो, ते बाष्प जवळजवळ अडवतेच, आणि शाळेच्या व गणवेशाच्या स्वस्त काळ्या बुटांत तर पुष्कळदा चामडे नसतेच, निव्वळ रेक्झिन असते. त्यावरून चामड्याला दोष देणे बरोबर नाही. थर न चढवलेले चामडे बाष्प शोषते आणि हळूहळू बाहेर सोडते. कृत्रिम अस्तराला हे जमत नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेल्या अशाच चामड्याची असते, म्हणून उन्हाळ्यात ती पायाला चिकचिकत नाही. पावसात ती वापरू नये, हे कोल्हापूरचे कारागीरही सांगतात. बंद बुटाचे अस्तर आणि इनसोलचा वरचा थर चामड्याचा असेल, तर वरचा भाग कापडी असला तरी पाय बराच वेळ कोरडा राहतो. हे चामडे मात्र ओले ठेवले तर गोव्याच्या पावसात आठवड्याभरात त्यावर बुरशीची पांढरी बुरी चढते, एवढी अडचण मान्य केली पाहिजे.

जेलच्या इनसोलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जेल पायाची उष्णता पटकन घेते म्हणून पहिली काही मिनिटे गार वाटते. ते पायाच्या तापमानाला आले की थंडावा संपतो, आणि उरतो तो ओल न शोषणारा, वाफ न सोडणारा एक थर.

चप्पल हा घरी, देवळात जाताना, बाजारात उत्तम उपाय आहे, आणि पाय उघडा राहील तितका वेळ तो वाळतो हे खरेच आहे. पण सरसकट सल्ला म्हणून तो देता येत नाही. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जड वस्तू हाताळणाऱ्याला आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा, बोटांवर कठीण टोपी असलेला बूट घालावाच लागतो. पावसाळ्यात शेतातल्या पाण्यातून किंवा तुंबलेल्या गटाराशेजारून उघड्या पायांनी जाताना कातडीला चीर असेल, तर उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. आणि मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्यांनी साधी रबरी चप्पल घालून तापल्या डांबरावरून चालणे धोक्याचे आहे, कारण टोचलेले किंवा भाजलेले त्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी मऊ एमसीआर (बारीक हवेच्या पोकळ्या असलेल्या) रबराची, मागे पट्टा असलेली पादत्राणे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.

बंद बूट टाळता येत नाहीत त्यांच्यासाठी काय करता येते, हे कामाची पाळी संपल्यावर बुटातून इनसोल बाहेर काढून पाहिले की कळते. चवड्याखाली आणि बोटांखाली तो गडद, जड, दाबला तर ओल सोडणारा असतो, कमानीखाली ओलसर, टाचेखाली बरेचदा जवळजवळ कोरडा. गडद भागाच्या कडेला मिठाची फिकट रेघ उमटलेली असते. म्हणजे शोषक थर आणि हवेची पोकळी चवड्याखाली हवी, आणि आज बहुतेक बुटांत फोमाचा जाड भाग असतो तो टाचेखाली. बूट घेताना इनसोल सुटा निघतो का हे आधी पाहावे; चिकटवलेला असेल तर तो बूट घेऊ नये. बोटांपुढे अंगठ्याच्या नखाएवढी मोकळी जागा राहते का हे संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना पाहावे. जीभ पातळ असावी. कठीण टोपीच्या मागे, चवड्याच्या बाजूंना जाळी असलेले सुरक्षा बूट मिळतात, आणि जिथे रसायने व ठिणग्या नाहीत तिथे ते निवडता येतात.

आस्थापनांनी वर्षाला एकच बूटजोड देण्याची पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. दमट हवेत भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही; सकाळी तो पुन्हा घातला की पाय दिवसाची सुरुवातच ओल्यात करतो, आणि मग कोणतीही रचना कामाला येत नाही. दोन जोड आळीपाळीने वापरायला दिले, प्रत्येकासोबत इनसोलचा एक जास्तीचा संच दिला आणि कपडे बदलण्याच्या खोलीत बूट उलटे टांगायला खुंट्या व एक पंखा लावला, तर दोन्ही जोड अधिक काळ टिकतात. घरी हेच करताना इनसोल बाहेर काढावा, लेस सैल करून जीभ पुढे ओढावी, आत वर्तमानपत्राचा कागद कोंबून तासाभराने तो बदलावा आणि बूट पंख्याखाली ठेवावा. चुलीजवळ किंवा हीटरजवळ ठेवू नये, कारण त्याने चामडे तडकते आणि तळाचा डिंक सुटतो.