एका बुंध्यावरून नागपूरचा पाऊस कळत नाही

कापलेल्या बुंध्याचा फोटो आणि खाली मजकूर: ‘वलये मोजा, वय कळेल. रुंद वलय म्हणजे भरपूर पावसाचे वर्ष, बारीक म्हणजे दुष्काळ. कोणत्याही झाडावर शंभर वर्षांचे हवामान लिहिलेले असते.’ हा मेसेज नागपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सारखा फिरतोय. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच बाकीचे खोडून काढणे भाग आहे.

‘कोणत्याही झाडावर’ हे साफ चूक. आपल्याकडचा साग वलये दाखवतो, कारण उन्हाळ्यात तो पाने टाकून वाढ थांबवतो. पालवीच्या वेळी मोठ्या छिद्रांचे लाकूड तयार होते, नंतर बारीक छिद्रांचे. दोन्हींमधली रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते. आंबा, पिंपळ, कडुनिंबात मात्र वर्षाला एकच वलय पडेल याचा भरवसा नाही. सागातही पावसाने मोठी दडी मारून पुन्हा जोर धरला, तर कधी त्याच वर्षात दुसरे, खोटे वलय पडते.

‘रुंद म्हणजे भरपूर पाऊस’ हे विधान सर्वात फसवे. झाडाला वर्षाची बेरीज मिळत नाही, मुळांपाशी मुरलेले पाणी मिळते. २०२३ च्या सप्टेंबरात नागपुरात एका रात्रीत, काही तासांत, १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, वस्त्या बुडाल्या. पर्जन्यमापकात तो सगळा मोजला गेला, पण बहुतेक पाणी नाल्यांनी वाहून गेले. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टभर खंड न पडता झालेली रिमझिम सागाला कितीतरी उपयोगी. शिवाय तरुण झाडाची वलये मुळातच रुंद असतात, आणि ऐन पावसाळ्यात अळ्यांनी पाने खाल्ली तर चांगल्या वर्षातही वलय बारीक राहते.

म्हणून एका बुंध्यावर निष्कर्ष काढत नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी अभ्यासक अनेक झाडांची वलये वर्षागणिक जुळवतात, वयाचा परिणाम वजा करतात, मगच पावसाबद्दल बोलतात. त्यासाठी झाड तोडावेही लागत नाही. बुंध्यातून काढलेला पेन्सिलीहून बारीक नमुना पुरतो.

रस्त्याकडेच्या झाडांबाबत तर हा मेसेज पार निकामी ठरतो. सिमेंट रस्ते करताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले, की भर पावसाळ्यातही मुळे कोरडी. तिथले बारीक वलय दुष्काळाचे नसून काँक्रीटचे असू शकते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितले होते. तुमच्या गल्लीत असा आवळलेला बुंधा असेल, तर मृग लागण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे तक्रार करा आणि तो मोकळा होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.