शिस्त नव्हे, पंचवीस सेंट

गडावरच्या बाटल्यांच्या ढिगाचा फोटो कुणीतरी टाकतं आणि खाली ठरलेलं वाक्य येतं: आपल्या लोकांना शिस्तच नाही, जर्मनीत बघा. मग उपायही ठरलेलाच, दंड वाढवा. मी जर्मनीतच राहतो आणि हे वाचून दर वेळी चिडतो.

इथला माणूस बाटली परत नेतो, कारण तिच्यात त्याचे 25 सेंट अडकलेले असतात: विकत घेताना भरलेले, रिकामी परत दिली की मिळणारे. स्वस्तातल्या दीड लिटर पाण्याला जेवढे पैसे पडतात, जवळपास तेवढंच डिपॉझिट. जिथे डिपॉझिट नाही तिथे ही शिस्त कुठे जाते? उन्हाळ्यात रविवारी सकाळी नदीकाठी जाऊन बघा: सिगारेटची थोटकं, कॉफीचे कप, पिझ्झाचे खोके. बाटली मात्र क्वचितच. ती रात्रीच कुणीतरी उचललेली असते.

ही व्यवस्था काही जर्मन स्वभावातून उगवलेली नाही. 1 जानेवारी 2003 ला बऱ्याच पेयांच्या एकदाच वापरायच्या कॅन-बाटल्यांवर डिपॉझिटची सक्ती झाली, तीही उद्योगांचा कोर्टकचेऱ्यांसकट विरोध मोडून. पुढची तीन वर्षं गोंधळच होता. काही साखळी दुकानांनी मुद्दाम वेगळ्या आकाराच्या बाटल्या काढल्या आणि फक्त त्याच परत घ्यायला लागली. ही पळवाट मे 2006 मध्ये बंद झाली. आता प्लास्टिकची बाटली विकणाऱ्या दुकानाला दुसऱ्याने विकलेलीही घ्यावी लागते. 200 चौरस मीटरपेक्षा लहान दुकानाला फक्त स्वतः विकतो त्या ब्रँडच्या.

दुकानातलं परतीचं मशीन बाटली गोल फिरवून बारकोड आणि डिपॉझिटची खूण वाचतं, चिठ्ठीत रक्कम धरतं आणि बाटली तिथेच चेपतं. ते चेपणं फार महत्त्वाचं. नाहीतर एकच बाटली मागच्या दाराने पुन्हा पुढे येईल आणि पैसे दोनदा जातील. म्हणूनच घरी चेपून आणलेली किंवा लेबल फाटलेली बाटली मशीन बाहेर ढकलतं.

आता महाराष्ट्र. कायदा नव्हता असं नाही. मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांना पुनर्खरेदी किंमत होती: लिटरच्या बाटलीला 1 रुपया, लहान बाटलीला 2 रुपये. दंडही 5 हजारांपासून 25 हजारांपर्यंत, वर तुरुंगाची तरतूद. दंड वाढवा म्हणणाऱ्यांनी आणखी किती वाढवायचा ते सांगावं. फसलं ते दुसरीकडे. ती रक्कम बिलात वेगळी घेतली जात नव्हती, त्यामुळे आपले पैसे कुणाकडे अडकलेत हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. किराणावाल्याने रिकाम्या बाटल्या ठेवायच्या कुठे आणि त्याचे पैसे त्याला कोण देणार, याचा पत्ता नव्हता. आणि 1 रुपयासाठी कोण वळतो?

वास्तविक ही सवय आपल्याला परकी नाही. आरेच्या केंद्रावर रिकामी काचेची बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. त्या पिढीला कुणी शिस्तीचे धडे दिले नव्हते. आणि आजचाच दाखला हवा तर तामिळनाडूचा घ्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 मध्ये निलगिरीत सरकारी दारू दुकानांनी बाटलीमागे 10 रुपये जादा घ्यायला आणि बाटली आणली की परत द्यायला सुरुवात केली. दारू प्यायलेला माणूस बाटली परत आणू शकतो, तर ट्रेकला जाणारा का नाही?

एक धोका मात्र मला खरोखर सतावतो. इथली मशीनं तशीच उचलून मॉलमध्ये बसवली, तर पैसे मोटारीतून येणाऱ्याला मिळतील आणि कचरावेचक बाई हात हलवत जाईल. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी घरोघरच्या संकलनाचं जाळं उभं केलंच आहे; गोण्यांनी आलेली बाटली मोजून पूर्ण डिपॉझिट देणारं केंद्र त्यांच्या हातात हवं. इथे जर्मनीतही म्हातारी माणसं टॉर्च घेऊन कचराकुंड्या चाचपतात. त्यांना हात घालावा लागू नये म्हणून लोक बाटली कुंडीबाहेर उभी करून ठेवतात. ते दृश्य दाखवून देशाची स्तुती करायला माझी जीभ रेटत नाही.

"तिकडे बसून शिकवू नका," असं मला ऐकवलं जातं. लागतं ते. इथल्या नदीकाठचा कचरा बघून मी पुढे जातो, तिथल्या गडावरच्या फोटोने झोप उडते. हक्क उरला आहे की नाही माहीत नाही, राग मात्र तिथलाच आहे.

सुरुवात माथेरानला करावी. गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, येण्याजाण्याच्या वाटा मोजक्या. गावात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर क्रमांकाचं स्टिकर, बिलात 10 रुपये वेगळे, परतीचं केंद्र दस्तुरीला आणि स्टेशनवर, दुकानदाराला बाटलीमागे हाताळणीचे पैसे. खालून विकत आणलेल्या बाटलीला स्टिकर नसेल, म्हणजे परतावाही नाही; म्हणून ती नाक्यावरच नोंदवून, तिथेच 10 रुपये भरून, स्टिकर लावून वर न्यायची.