यंत्राला नोट पटली नाही

यंत्रानं माझी नोट चौथ्यांदा बाहेर फेकली आणि मागे उभ्या असलेल्या आजोबांनी घसा खाकरला. टोकियोत रांगेतल्या माणसानं घसा खाकरणं म्हणजे पुण्यात 'अहो, झोपलात का?' म्हणून ओरडणं. आवाज कमी, अपमान तेवढाच.

गेल्या मंगळवारची गोष्ट आहे, त्यामुळे अजून चुरचुरतंय. निशी-कासाई स्टेशनामागच्या गल्लीत माझं लाडकं सोबाचं दुकान आहे. आठ स्टुलं, एक मालक आणि दाराशी चिठ्ठ्यांचं यंत्र. यंत्रात पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी मालकासमोर ठेवायची. अकरा वर्षांत मालक माझ्याशी दहा वाक्यंही बोललेला नाही. यापेक्षा चांगलं हॉटेल मला माहीत नाही.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे उपासाला चालतात?" शेवया कदाचित चालल्याही असत्या, पण त्या ज्या रश्शात पोहतात तो कात्सुओबुशीचा असतो, हे मी तिला सांगितलेलं नाही. कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवलेला मासा. सुतारानं रंधा मारावा तसे त्याचे पापुद्रे काढतात. मी नेहमी कित्सुने सोबा घेतो. कित्सुने म्हणजे कोल्हा. त्यात कोल्हा नसतो, वर तळलेल्या तोफूचा गोडसर तुकडा असतो, आणि कोल्ह्याला तो आवडतो म्हणे. तर वरून शाकाहार, खालून मासा. जपानातल्या चौदा वर्षांत मी या तहावर सही केली आहे.

नोटेकडे वळू. 3 जुलै 2024 ला जपाननं नव्या नोटा काढल्या. साखळी दुकानांनी यंत्रं बदलली, आमच्या मालकानं नाही. त्याचं बरोबरच आहे. यंत्राचा खर्च शेवटी माझ्याच वाडग्यातून निघणार. म्हणून मी जुन्या नोटा पाकिटाच्या चोरकप्प्यात जपून ठेवतो. मंगळवारी कप्पा रिकामा होता, भूक मोठी होती, आणि नोट उलटी, सुलटी, आडवी घातली तर यंत्राला दया येईल असं वाटलं.

त्यातून हजाराच्या नव्या नोटेवर आहेत कितासातो शिबासाबुरो. 1894 साली हाँगकाँगात प्लेगचा जंतू शोधायला गेलेला माणूस. पुण्यात वाढलेल्या माणसाला प्लेग म्हटलं की 1897, रँडसाहेब, गणेशखिंड आणि चापेकर बंधू एवढं आपोआप आठवतं, त्यामुळे ही नोट हातात आली की मला उगीच शाळेच्या इतिहासाच्या तासाला बसल्यासारखं वाटतं. जुन्या नोटेवरचे नोगुची हिदेयोही जंतूंचेच अभ्यासक, आणि एके काळी कितासातोंच्याच संस्थेत कामाला होते. म्हणजे आमचं यंत्र शिष्याला आत घेतं आणि गुरूला दारातून हाकलतं.

"नवी नोट आहे," आजोबा म्हणाले. निळी टोपी, काखेत घोड्यांच्या शर्यतीचं वर्तमानपत्र. मग मला कळावं म्हणून बालवाडीतल्या बाईंच्या सुरात, "न... वी... नो... ट."

मी कमरेत वाकून, ठेवणीतल्या आदरार्थी जपानीत म्हणालो, "माफ करा, माझ्यामुळे आपला खोळंबा झाला."

आजोबा हरखले. मागच्या ऑफिसवाल्याकडे वळून म्हणाले, "बोलतो की हा!" त्याला वाटलं असावं, यंत्रच बोललं. मग मला, "जपानी छान बोलता हं तुम्ही." चौदा वर्षं घरच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईला 'अगंबाई, गोल येते की तुला' म्हणावं, तसं हे वाक्य मला लागतं. पण उत्तर ठरलेलं आहे. 'छे छे, कुठलं काय' म्हणायचं आणि पुन्हा वाकायचं. वाकलो.

आजोबांनी पाकीट काढलं, त्यातून एक जुनी नोट काढली आणि माझी नवी मागितली. उपकारच हा. मात्र माझी नोट त्यांनी दिव्यासमोर धरली, मागून पुढून पाहिली, तिरकी केली. ती तिरकी केली की चकाकीतल्या कितासातोंची मान वळते. कितासातोंनीही तोंड फिरवलं.

"हे दुकान कसं सापडलं तुम्हाला? पर्यटकांना माहीत नसतं हे. इथल्याच लोकांचं आहे."

"समोर राहतो."

"हॉटेलात?"

"घरात. चौथ्या मजल्यावर."

"अस्सं! किती दिवस?"

"अकरा वर्षं."

आजोबांनी मान डोलावली. थोडा विचार केला. "मग परत कधी जाणार?"

यात दुष्टावा अजिबात नव्हता, तोच तर त्रास आहे. दुष्ट माणसाशी भांडता येतं. समोरचं ते घर मिळवताना दलालानं माझ्यासमोर सहा घरमालकांना फोन केले होते. "परदेशी आहेत, पण..." चौघांनी 'पण'च्या आधीच फोन ठेवला. आमच्या एदोगावा वॉर्डात 2019 साली योगेंद्र पुराणिक निवडून आले. मराठी माणूस सभागृहात जाऊन बसला, आणि मला अजून दर महिन्याला कुणीतरी विचारतं, तुम्हाला काड्यांनी खाता येतं का. येतं. वरणभातही येतो.

असो. मी जुनी नोट घातली, यंत्रानं ती गट्ट केली, चिठ्ठी आणि सुटे पैसे दिले. आता आजोबांची पाळी. त्यांनी पाकीट उघडलं. आत फक्त दहा हजारांची एक नोट होती, आणि हे यंत्र तसलं काही खात नाही. शेवटची जुनी हजाराची त्यांनी मला देऊन टाकली होती. आजोबा क्षणभर थांबले आणि त्यांनी माझी नवी नोट यंत्रात सरकवली. का, ते मी अजून विचार करतोय. माझ्या मते त्यांना वाटलं, यंत्र आपला माणूस ओळखेल.

नोट बाहेर आली. त्यांनी ती मांडीवर घासून सरळ केली, पुन्हा घातली. पुन्हा बाहेर. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटी नोट खपवून गेलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

मी हातातली सुटी नाणी पुढे केली. नको म्हणाले. पुन्हा पुढे केली. पुन्हा नको. तिसऱ्यांदा नाणी ओंजळीत धरून वाकलो तेव्हा ऑफिसवाल्यानं घसा खाकरला. आजोबा ताठ मानेनं कोपऱ्यावरच्या दुकानात नोट मोडायला निघून गेले.

माझा सोबा समोर आला, वाफाळलेला. पण ज्याच्या नोटेवर जेवतोय तो रस्त्यात आणि आपण काड्या बुडवायच्या, हे कुठल्या तोंडानं करायचं? बसून राहिलो. आजोबा परतले, शिस्तीत रांगेच्या शेवटी उभे राहिले आणि अखेर शेजारच्या स्टुलावर बसले, तोवर शेवया फुगून वाडग्याच्या काठाला टेकल्या होत्या.

"सोबा थांबत नसतो," आजोबा कळवळले. "लगेच खायचा असतो. आवाज करत. असा." आणि त्यांनी सर्रकन ओढून दाखवला.

मला. भुरका. ज्याचे आजोबा कढी भुरकायला लागले की शेजारचं मांजर भिंतीवर येऊन बसायचं, त्याला! मी वाडगा उचलला आणि घराण्याचं नाव राखलं. मालकानं मान वर करून पाहिलं. आजोबा समाधानानं त्याला म्हणाले, "शिकला."

काल पुन्हा गेलो. यंत्रावर नवी पाटी चिकटवलेली, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. नवी नोट चालली नाही दोघांची, पण पाटी फक्त इंग्रजीत आहे. पुण्यात असती तर निदान सगळ्यांचा सारखा अपमान झाला असता.