वजन उचललं म्हणून पाय जड होत नाहीत

पोलीस भरतीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘१०० मीटर मारायचं असेल तर जिमला जाऊ नका. वजनाने पाय जड होतात, उंची खुंटते. बैठका मारा, जमिनीवर अंथरलेल्या शिडीच्या घरांत भराभर पाय चालवा, घोट्याला वजन बांधून पळा.’ मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ या १०० मीटरला आहेत. असल्या सल्ल्यापायी पोरांचं वर्ष वाया जातं, म्हणून लिहितोय.

पाय जड होतात? बर्लिनला २००९ मध्ये १०० मीटरच्या विश्वविक्रमी शर्यतीत उसेन बोल्टला पहिल्या १० मीटरला १.८९ सेकंद लागले आणि ६० ते ८० हे २० मीटर त्याने १.६१ सेकंदांत काढले. म्हणजे घाम निघतो तो थांबलेलं अंग हलवताना. सकाळी ओलसर मैदानावर स्टार्ट घ्या आणि मागे वळून ठसे बघा. पहिल्या दोन-तीन पावलांत चवड्याने माती मागे उकरलेली दिसेल. पाय जमिनीवर जेमतेम ०.२ सेकंद टेकतो, तेवढ्यात जो जास्त रेटा देतो तो पुढे निघतो. हा रेटा मांड्या आणि नितंबांतून येतो. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), हिप थ्रस्ट (पाठ बाकावर टेकवून कमरेवरचं वजन वर रेटणं) त्यासाठीच. वजन भारी, एका दमात तीन ते पाच वेळा, मग तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. मेसेजमध्ये थोडं खरं आहे ते एवढंच की, दंड-छाती फुगवण्यासाठी रोज थकेपर्यंत वजनं मारली तर अंगावर उगाच भार चढतो.

उंची खुंटत नाही. पूर्ण वेगात पळताना एकेका पावलावर शरीराच्या तीन-चार पट भार येतो, त्याला कुणी घाबरत नाही. नीट शिकवणारा जवळ हवा, एवढंच.

तालमीतल्या बैठका मलाही प्रिय आहेत. पण सलग ३०० मारल्या तर दम वाढतो, रेटा नाही. शिडीवर पाय जागच्या जागी नाचतात, मागे ढकलायला शिकत नाहीत.

घोट्याचं वजन मात्र आजच सोडा. पाय उशिरा पुढे येतो, पळण्याची ढब बिघडते, मांडीच्या मागच्या स्नायूवर नको तो ताण येतो. त्यापेक्षा कमरेला दोरी बांधून गाडीचा जुना टायर २० मीटर ओढा. कंबरेत मोडायला लागलात की टायर जड झाला, हलका घ्या.