खुर्च्या व इतर सहकार्य

क्लबची स्मरणिका परवा घरपोच आली. ती ज्यासाठी उघडली ते पान अकरावं. मथळा, ‘क्लबात इंटरनेट आणणारे द्रष्टे’. खाली मेहुण्यांचा फोटो, उजवा हात माउसवर. माझं नाव शोधायला चष्मा पुसावा लागला. पान चाळीस, आभार, शेवटून दुसरी ओळ: ‘खुर्च्या व इतर सहकार्य’.

खुर्च्या मी मांडल्या होत्या, नाकारत नाही. बावीस होत्या. कार्यक्रम संपल्यावर उचलूनही मीच ठेवल्या. पण ‘इतर सहकार्य’ या दोन शब्दांत जे कोंबलंय ते एकदा उलगडून दाखवतो, म्हणजे माझी पोटदुखी थांबेल.

मेहुणे म्हणजे त्या वेळच्या चिटणिसांचे मेहुणे. चिटणीस बदलले, मेहुणे राहिले. पहिल्या रांगेतली, मशीनला लागून असलेली खुर्ची त्यांची. काखेत छत्री, पावसाळा असो वा नसो. मला ते ‘मास्तर’ म्हणत, आणि ते ज्या सुरात म्हणत त्यावरून तो मान नाही हे कळत असे.

साल 1997. मशीन देणगीत मिळालेलं, म्हणजे कुणीतरी टाकून दिलेलं. त्यावर विंडोज 3.1, 14 इंची मॉनिटर, आत 14.4 चं मोडेम कार्ड, म्हणजे फोनलाइनवरून सेकंदाला 14,400 बिट धाडणारं. त्या काळात इंटरनेट ‘लावायचं’ म्हणजे काय, हे आज वायफायचा पासवर्ड विचारून मोकळ्या होणाऱ्या मंडळींना कळायचं नाही. विंडोज 3.1 ला इंटरनेटची भाषाच येत नसे. ती शिकवायला ट्रम्पेट विनसॉक नावाचा प्रोग्रॅम बाहेरून आणून घालायचा. त्याच्या सेटअपच्या चौकटीत नेम सर्व्हरचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या मशीनचा पत्ता, एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या तुकड्याचं माप, पोर्टचा, म्हणजे मोडेम ज्या दाराला जोडलंय त्याचा नंबर, पोर्टचा वेग हे सगळं हाताने भरायचं. मोडेम 14.4 चं असलं तरी पोर्टचा वेग 38400 ठेवायचा, कारण मोडेम मजकूर दाबून पाठवतं आणि पलीकडचं उलगडतं. पोर्ट सावकाश ठेवला तर ती सगळी मेहनत दारातच अडते. नेम सर्व्हरच्या पत्त्यात एक आकडा चुकला तर फोन लागतो, जोडणी होते, आणि जगातली एकही साइट सापडत नाही. ही चूक सगळ्यात वाईट, कारण बाकी सगळं बरोबर दिसतं.

हा ट्रम्पेट टास्मानियातल्या पीटर टॅटम या माणसाने लिहिला. आधी वापरा, पटलं तर पैसे पाठवा, असा त्याचा सरळ हिशेब. मासिकांच्या फ्लॉप्यांवरून आणि इंटरनेट कंपन्यांच्या डिस्कांवरून तो जगभर वाटला गेला, लाखो लोक त्याच्या खांद्यावरून इंटरनेटवर चढले, आणि पैसे पाठवायचं बहुतेक सगळे विसरले. 2011 साली कुणाला तरी लाज वाटली आणि त्याच्यासाठी वर्गणी काढली गेली. स्मरणिका हाती आल्यापासून मला हा माणूस फार जवळचा वाटू लागलाय. त्याला निदान खुर्च्या मांडाव्या लागल्या नव्हत्या.

असो. फोन ऑफिसात, मशीन हॉलमध्ये. मधे दाराच्या फटीतून ओढलेली लांब वायर. दर बैठकीची सुरुवात एकाच सूचनेने व्हायची: तासभर कुणीही ऑफिसातला फोन उचलायचा नाही. आणि कॉल वेटिंग असेल तर आधी बंद करायचं; आपल्या एक्स्चेंजचा जो कोड असेल तो डायल करायच्या नंबराआधी टाकायचा आणि त्यापुढे एक स्वल्पविराम द्यायचा. मोडेमच्या भाषेत स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब. ही माझी आवडती सूचना, कारण स्वल्पविरामाला एवढी किंमत दुसरीकडे कुठेच मिळत नाही. कॉल वेटिंगची टुकटुक मधेच आली की मोडेमला वाटतं पलीकडचा गेला. एरवी ते 1.4 सेकंद वाट पाहतं आणि फोन ठेवून देतं. एस 10 या रजिस्टरात, म्हणजे मोडेमच्या आतल्या आकडा ठेवायच्या कप्प्यात, 14 च्या जागी 50 घातलं तर पाच सेकंद कळ काढतं. मेहुण्यांसाठी असं रजिस्टर नव्हतं.

मोडेमचा आवाज मी मुद्दाम चालू ठेवत असे. एटी एम 0 ही आज्ञा दिली की तोंड बंद होतं, पण मग लाइन व्यस्त आहे की नंबरच चुकलाय हे कळत नाही. बारीक आवाजात कुणी बाई ‘हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?’ म्हणाल्या तर लगेच तोडायचं. नाहीतर मोडेम त्या बिचारीला मिनिटामिनिटाने पुन्हा फोन करून कानात शिट्टी वाजवत राहतं.

तर पहिल्या दिवशी शिट्टी वाजली.

“हे कोण ओरडतंय?” मेहुणे.

“पलीकडचं मोडेम. 2100 हर्ट्झचा सूर आहे. मधल्या फोनलाइनवर प्रतिध्वनी दाबणारी यंत्रं असतात, त्यांना तो गप्प बसवतो.”

“मग ही खरखर?”

“आता दोघं ठरवतायत, किती वेगाने बोलायचं.”

“भांडतायत म्हणा की.”

“बोलणी चालली आहेत.”

“काय बोलतायत?”

“ते माणसाला कळत नाही हो.”

मेहुणे उठले. मला वाटलं पाय मोकळे करायला गेले. ते ऑफिसात गेले, रिसीव्हर उचलून कानाला लावला, आणि तिथून ओरडले, “अहो मास्तर, इथे तर कुणी बोलतच नाही, नुसती खरखर आहे!” हॉलमध्ये खरखर थांबली. पडद्यावर ‘नो कॅरियर’ उमटलं, म्हणजे जोडणी तुटली. बावीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मेहुण्यांकडे नाही. माझ्याकडे.

पुन्हा लावलं. या वेळी लागलं. मग पत्ता टाइप करायची पाळी. एच, टी, टी, पी, मग दोन टिंबं एकावर एक, मग दोन तिरक्या रेघा. कुठल्या बाजूला तिरक्या? प्रश्नचिन्हाच्या बटणावरच्या. पत्त्यात जागा सोडायची नाही, कॅपिटल आहे तिथे कॅपिटलच, आणि ती नागमोडी रेघ डाव्या कोपऱ्यात एकच्या शेजारी, शिफ्ट दाबून. या दोन तिरक्या रेघांपायी बैठकीमागे माझी दहा मिनिटं जात. पुढे 2009 साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी कबूल केलं की त्या रेघांची तशी काही गरज नव्हती. बारा वर्षं आधी सांगितलं असतं तर मेहुण्यांनी आकाराविषयी काढलेल्या शंका तरी वाचल्या असत्या.

त्या महिन्यात सगळ्यांना एकच गोष्ट बघायची होती. 4 जुलैला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं होतं, त्यातून सहा चाकांची सोजर्नर नावाची साडेदहा किलोची गाडी बाहेर पडली होती, आणि फोटो इंटरनेटवर येत होते. एवढी गर्दी लोटली की नासाला जागोजागी आरशासारख्या जुळ्या साइट उभ्या कराव्या लागल्या. मी आधीच शोधून 90 केबीचा एक फोटो ठरवून ठेवला होता. 14.4 वर सेकंदाला दीड केबी पदरात पडतं. म्हणजे एक मिनिट. नवख्या माणसाचा धीर एका मिनिटाचा असतो, हा माझा अनुभव. दोन मिनिटांचा फोटो असेल तर लोक वहाणा शोधू लागतात.

यात माझं एक चुकलं. फोटो जीआयएफ असता, तोही इंटरलेस्ड, तर बरं झालं असतं. आधी दर आठवी ओळ येते, मग मधल्या भरत जातात, त्यामुळे सगळं चित्र धूसर का होईना पण लवकर दिसतं. हा होता साधा जेपेग, वरून खाली उतरणारा. आणि मंगळाच्या फोटोत वर काय असतं? आकाश. पिवळट तपकिरी, एका रंगाचं, ढग नाही की पाखरू नाही.

“भिंत आहे,” मेहुणे म्हणाले.

“आकाश आहे. खाली गाडी आहे. थांबा.”

“नुकताच रंग दिलेला दिसतोय.”

खालच्या पट्टीवर आकडा सरकत होता, 40 टक्के, 45. क्षितिज आलं. दोन दगड आले. मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. आणि मेहुणे म्हणाले, “जरा खाली घेऊन बघू या,” आणि त्यांनी माउसला हात घातला.

दगड थांबले. बाण जागचा हलेना. आकडा 52 वर बसला तो बसलाच. मशीन बंद करून पुन्हा चालू, पुन्हा ट्रम्पेट, पुन्हा शिट्टी, पुन्हा भिंत. दुसऱ्यांदा 60 टक्क्यांवर मेहुण्यांना माउसची वायर सरळ करावीशी वाटली. पुन्हा थांबलं. तिसऱ्या वेळेस बायका म्हणाल्या, “मेहुणे, हात मांडीवर ठेवा.” आणि मी म्हणालो, ते अजून शब्दशः आठवतंय, “काही लोकांच्या हातात यंत्र टिकत नाही.” मोठा हशा झाला. मला बरं वाटलं.

मेहुणे हसले नाहीत. म्हणाले, “माझा हात नाही. हा उंदीर हलला की तुमचं इंटरनेट मरतंय.”

मी म्हणालो, पहिला अर्धा तास याच माउसने सगळे सॉलिटेअर खेळले, तेव्हा कुठे काय झालं? तिसऱ्यांदा पान अर्ध्यावर आलं तसे मेहुणे उठले, चार पावलं मागे गेले, छत्री पुढे केली आणि तिच्या टोकाने माउसला हळूच ढोसलं. बोटभर सरकला. आतली रबरी गोळी फिरल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. दगड थांबले.

“लागला माझा हात?”

“योगायोग,” मी म्हणालो. बावीस जणांसमोर.

रात्री मला झोप आली नाही. माउस कॉम 1 वर, म्हणजे मशीनच्या पहिल्या पोर्टवर. मोडेम मी कॉम 3 वर ठेवलं होतं, कारण कार्ड आलं तेव्हा जंपर, म्हणजे पोर्ट ठरवणाऱ्या कार्डावरच्या चिमुकल्या टोप्या, तसेच होते आणि मी ते तपासले नव्हते. कॉम 1 आणि कॉम 3 यांचे पत्ते वेगळे, 3एफ8 आणि 3ई8. पण प्रोसेसरला हाक मारायची घंटा एकच, इंटरप्ट 4. कॉम 2 आणि कॉम 4 यांची तशीच एक, इंटरप्ट 3. मोडेम चालू झालं की घंटेचा ताबा त्याच्याकडे जातो. अशा वेळी माउस हलला तर तोही तीच घंटा दाबतो, त्याला दार उघडायला कुणी येत नाही, आणि घंटा दाबलेली ती दाबलेलीच राहते. मग मोडेमने कितीही हाका मारल्या तरी नवी घंटा वाजतच नाही. माउस न हलवता तासभर बसा, काही बिघडत नाही. माझ्या हातून कधी बिघडलं नाही, कारण मी मिरवण्यासाठी सगळं कीबोर्डवरून करायचो. कंट्रोल एल दाबून पत्ता, पेज डाउनने खाली. सॉलिटेअरच्या वेळी बिघडलं नाही, कारण मोडेम तेव्हा झोपलेलं.

पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी गेलो. झाकण उघडलं, मशीनचा न वापरलेला कॉम 2 बंद केला, मोडेमचे जंपर कॉम 2 आणि इंटरप्ट 3 वर आणले, ट्रम्पेटमध्ये पोर्टचा आकडा 3 चा 2 केला. बारा मिनिटांचं काम. सगळे आले, मेहुण्यांनी माउस गरागरा फिरवला, फोटो खालपर्यंत उतरला, गाडी दिसली. टाळ्या झाल्या.

“काय बदललंत मास्तर?” मेहुण्यांनी हळूच विचारलं.

“काही नाही. आज सर्व्हर चांगला आहे.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग माझ्या तळहाताला लागलेल्या केबिनेटच्या धुळीकडे पाहिलं, आणि माउसवर हात ठेवून फोटो काढून घेतला. तोच पान अकरावर आलाय. सोजर्नरमध्येही एक रेडिओ मोडेम होतं, 9600 चं, आमच्यापेक्षा सावकाश. ते मंगळावर जवळजवळ तीन महिने चाललं. तिथे ढोसायला छत्री नव्हती, हे एक, आणि जंपर तपासणारा माणूस होता, हे दुसरं. दुसरं मी इथे पहिल्यांदाच लिहितोय.

पण म्हणून द्रष्टे? ऑफिसातला रिसीव्हर कोणी उचलला होता? नंतरच्या दीड वर्षात बावीस माणसांना ई-मेल उघडून देणं, विसरलेले पासवर्ड, ‘रिप्लाय ऑल’ने झालेली भांडणं, फ्लॉपी उलटी घालून ढकलणारे, हे कोणी निस्तरलं? एका दोषाचं निदान केलं की माणूस द्रष्टा, आणि दर शनिवारी जो हजर तो खुर्च्यांत. स्मरणिकेत तर लिहिलंय की ‘मोडेम व माउस यांच्यातील इंटरप्ट 5 चा संघर्ष प्रथम त्यांच्याच लक्षात आला’. पाच! पाचवर साउंड कार्ड असतं, आणि आमच्या मशीनला साउंड कार्ड नव्हतंच.

हे एवढं मात्र मी सोडलं नाही. संपादकांना रीतसर पत्र लिहिलं की तो इंटरप्ट 5 नसून 4 होता, कृपया दुरुस्ती छापावी. काल उत्तर आलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, मुद्दा तांत्रिक असल्याने पत्र तपासणीसाठी मेहुण्यांकडे पाठवलं आहे.