काटा सहावरच आहे!

जुलैत कोल्हापुरात माणसं भेटली की 'बरं आहे का' विचारत नाहीत, 'किती फूट?' विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये मात्र यंदा प्रश्न वेगळा होता: 'किती बार?' दिवसातून कितीही वेळा विचारा, उत्तर एकच. सहा. हवेच्या दाबाचा काटा सहावर आणि लोखंड कापायचं प्लाझ्मा मशीन बंद.

ज्यांना या यंत्राचा सहवास लाभलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉम्प्रेसरची साधी हवा नोझलच्या बारीक भोकातून सोडायची, तिच्यातून वीज न्यायची, की तिचा प्लाझ्मा होतो. तापमान वीस हजार अंशांच्या वर. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास, म्हणजे आपण कुठल्या कुठे! ही आग म्हणजे आर्क, आणि ती जिच्या तोंडातून निघते ती टॉर्च. टॉर्च संगणकाच्या हुकमानं टेबलावर फिरते आणि आग लोखंड कापते. कापायची असते, असं म्हणू.

काम होतं ऊस ट्रॉलीच्या हुकाच्या प्लेटांचं. जाडी बारा एमएम. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे, पण ट्रॉलीवाल्या आबांचा फोन जुलैपासूनच. प्लेटमधली भोकं सुरेख पडायची. मग टॉर्च बाहेरच्या कडेला लागायची, निम्मी कड व्हायची, आणि फट्! स्क्रीनवर 'आर्क लॉस्ट'. टॉर्च मान वर करून उभी. तिथूनच पुन्हा सुरू केलं की कडेला दात पडल्यासारखा खड्डा. भंगारवाला तेवढा आमच्यावर खूश होता.

मशीन बंद पडलं की एमआयडीसीत निमंत्रण द्यावं लागत नाही. आमचा ऑपरेटर अर्थिंगवाला. त्याला ताप आला तरी तो अर्थिंग तपासेल.

"मालक, अर्थिंग गेलंय बघा. बेडच्या पट्ट्यांवर वितळलेल्या लोखंडाचा स्लॅग किती साचलाय!"

त्याचं अगदीच चूक नव्हतं. अर्थिंगचा क्लॅम्प पत्र्याला धड बसला नसेल तर ठिणगी पडते, पण आर्क पत्रा धरत नाही. त्यानं ग्राइंडर मारून क्लॅम्पची जागा आरशासारखी केली. पुढची प्लेट निम्म्यावर गेली. शेजारच्या लेथवाल्यानं महावितरणवर ठपका ठेवला. वेल्डर म्हणाला, नोझल डुप्लिकेट आहे.

नोझल काढून बघितलं तर भोक लंबगोल झालेलं. आतला, वीज आणणारा इलेक्ट्रोड तर बघवत नव्हता. त्याच्या तोंडाशी हाफ्नियमचा बारीकसा दाणा बसवलेला असतो. अणुभट्टीच्या नियंत्रण कांड्यांत वापरतात तोच हा धातू, आणि आमच्याकडे तो पत्र्याच्या शेडमध्ये, गळक्या पन्हळाखाली संसार करतो. दाण्याच्या जागी दीड मिलिमीटर खोल खड्डा पडला की इलेक्ट्रोड बदलायचा. आमच्या इलेक्ट्रोडचा दाणा पार संपून खालचं तांबं जळत होतं, म्हणून आर्क हिरवा दिसायचा. हेल्परला तो हिरवा रंग फार आवडायचा. एकेका हिरव्या झगमगाटामागं किती रुपये जातात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी वॉचमनमामा आले. "अमावस्या कवा हाय?" एवढंच विचारलं आणि टॉर्चच्या गाड्याला लिंबू-मिरची बांधली. सगळं शेड जमलं. ऑपरेटरनं बटण दाबलं, आणि प्लेट पूर्ण निघाली! कड अशी की बोट फिरवत राहावं. मामांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही, हात झटकून गेटवर गेले. माणसं कामाला पांगली, दुसरी प्लेट लावली, निम्म्यावर फट्.

मग पुण्याच्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन. ते येणार नव्हतेच. २०१९ ला आणि २०२१ ला इथंच महामार्गावर पाणी आलं होतं, ते त्यांच्या पक्कं लक्षात.

"प्रेशर किती?"

"सहा, सर."

"हवा चालू असताना?"

आता चालू असताना बघणार कोण? टॉर्च पेटली की सगळ्यांचे डोळे पत्र्यावर, आणि गेज पाठीमागं भिंतीवर. हवा अडून उभी असते तोवर तो काटा सहा दाखवणारच, त्यात त्याचं काय जातं? सरांनी मशीन नुसत्या हवेच्या टेस्टवर ठेवायला लावलं आणि मी गेजला नाक लावून उभा राहिलो. सहा. थरथरला. पाच. साडेचार. तिथं टेकतोय म्हणेपर्यंत शेडच्या मागून लांबलचक फुस्सऽऽ ऐकू आलं आणि काटा साडेतीनवर जाऊन बसला.

मागं बघितलं तर जेवणाची सुट्टी झालेली, आणि हेल्पर एअरगननं अंगावरची धूळ उडवत उभा. त्याच्या मागं रांग. पलीकडं पेंटरची स्प्रेगन. सगळ्यांची हवेची एकच लाइन, प्लाझ्माच्याच पाइपला टी-जोड मारून काढलेली. भोक पाडायला हवा थोडाच वेळ लागते, ते निभायचं. कड लांब, तेवढ्यात कुणीतरी शर्ट झटकायचा. हवा कमी पडली की आर्क आवळला जात नाही, तो नोझललाच खातो. लिंबू बांधलं तेव्हा सगळे बघायला जमले होते, एअरगन कुणाच्याच हातात नव्हती.

साडेचारचं कोडं उरलंच होतं. टॉर्चखाली पांढरा कागद धरला, त्यावर दव पडल्यागत थेंब. फिल्टरची कांडी पाणी पिऊन फुगलेली. कॉम्प्रेसरच्या टाकीचा ड्रेन कॉक, म्हणजे हवेतलं साचलेलं पाणी सोडायची तोटी, ज्यानं बसवला त्याला एकदा भेटायचं आहे. टाकी जमिनीपासून चार बोटं वर आणि कॉक बरोबर तिच्या पोटाखाली. हेल्परनं ओल्या फरशीवर पालथं पडून तो सोडला तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी कितीतरी वेळ येत राहिलं.

प्लाझ्माला वेगळी लाइन टाकली, जाड पाइपची. फिल्टर बदलला, नवे नोझल-इलेक्ट्रोड घातले. हवा चालू ठेवून बघितलं, काटा साडेपाचाखाली उतरेना. प्लेटा धडाधड निघाल्या. ऑपरेटर अजून म्हणतो, "अर्थिंग घासलं म्हणून चाललं."

आबा प्लेटा न्यायला आले. एकेक उचलून, डोळा बारीक करून बघितली. शेवटच्या प्लेटपाशी थांबले.

"ही कड जरा तिरकी वाटत्या रं."

मी समजावलं, की आबा, हवा नोझलमध्ये गोल फिरते, म्हणून कापताना एक बाजू सरळ येते आणि दुसरी थोडी उतरती. घड्याळाच्या दिशेनं फिरलं की उतरती बाजू भंगाराकडं जाते. या एका प्लेटला प्रोग्राम उलटा फिरला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग टॉर्चच्या गाड्याकडं बघितलं.

"लिंबू एकाच अंगाला बांधलंय नव्हं? मग दुसऱ्या अंगाला तिरकंच येणार की!"