फाट्यावरून आत

पुण्यात निसर्गप्रेमी व्हायला आधी गाडी लागते. दुर्बीण, पक्ष्यांचं पुस्तक, ती पानापानांची नक्षीवाली टोपी हे सगळं नंतर आलं तरी चालतं. कुठल्याही जंगलाची, तळ्याची, माळाची माहिती काढा, "कसे जाल"च्या खाली एक ओळ ठरलेली, स्वतःचे वाहन असल्यास उत्तम. अरे उत्तम आहे ते मलापण कळतं, नसल्यास काय ते लिहा ना! पक्षीवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण तेच. "पहाटे साडेचारला हडपसरला भेटू, पाच गाड्या झाल्यात" असा मेसेज येतो आणि माणसं किती, तर सात. आणि हीच सात माणसं यवतला चहाला थांबली की पुण्याची हवा किती बिघडलीये यावर पाऊण तास बोलतात.

माझ्याकडे गाडी नाही. स्कूटर आहे, पण तिला कात्रजच्या पुढे नेलं की ती आजारी पडते. त्यामुळे ठरवलं की एसटीनं जायचं, आणि जायचंच आहे तर माळरान आणि पाणथळ दोन्ही एकाच दिवसात उरकायचं. सकाळी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, तिथे चिंकारा, आणि दुपारी भिगवण, उजनीच्या बॅकवॉटरवर रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो. मोबाईलच्या नकाशावर दोन्ही एकमेकांना अगदी चिकटून दिसतात.

"एसटीनं जाशील, पण उतरल्यावर काय?" बायकोने विचारलं.

"उतरल्यावर बघू."

"मग दुर्बीण घेऊन जा, लांबपर्यंत बघावं लागेल."

एसटीबद्दल माझी काहीही तक्रार नाही हे आधीच सांगून टाकतो. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, तेव्हापासून ही बाई पुणेकरांना कुठे ना कुठे नेऊन सोडतेय, आणि त्या दिवशी पण स्वारगेटहून वेळेवर निघाली आणि वेळेवर पोचली. बसायला जागा मिळाली नाही हा तिचा दोष नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही, त्यामुळे खिडक्यांना सगळ्या मावश्या, पुढच्या सीटवर आजोबा, आणि फुल तिकीट काढलेला मधल्या वयाचा पुरुष दांड्याला लटकून उभा, हे आता ठरलेलंच आहे. ते ठीक आहे. प्रॉब्लेम एसटी संपते तिथे सुरू होतो. एसटी तुम्हाला फाट्यावर सोडते, आणि निसर्ग कायम फाट्यावरून आत असतो.

पहिला फाटा चौफुला. सोलापूर रोडवरून सुप्याला वळायचं तर इथे गाडी बदलावी लागते, यात माझा काय दोष. पण चौफुला म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला लावणीची कला केंद्रं सोडून दुसरं काही आठवतच नाही. आता सकाळी सात वाजता, गळ्यात दुर्बीण अडकवलेला, केस पिकलेला एक माणूस चौफुल्याला एकटाच उतरतो म्हटल्यावर टपरीवरच्या चार लोकांनी चहाचे कप खाली ठेवले.

"पाव्हणं, लई लवकर आलात," एकजण म्हणाला. "आत्ता समदं बंद असतंय."

मी म्हटलं, चिंकारा बघायला आलोय. तो म्हणाला, "नवीन पार्टी आहे का?"

नेमका तेवढ्यात घरून फोन. कुठे पोचलास? चौफुल्याला. पलीकडे जी शांतता पसरली ती दुसरी एसटी येईपर्यंत टिकली.

दुसऱ्या गाडीत कंडक्टरला म्हटलं, "मास्तर, एक मयूरेश्वर." त्यांनी भक्तिभावाने मोरगावचं तिकीट फाडलं. त्यांचं काही चुकलं नाही, अष्टविनायकातला पहिला गणपती मोरगावचा मयूरेश्वर, त्याच्यावरूनच अभयारण्याला नाव पडलंय, आणि त्या रस्त्यावर सकाळी मयूरेश्वर म्हणणारा माणूस हरणाला भेटायला आला असेल असं कुणाच्या बापाला वाटणार नाही. मी म्हटलं, अहो गणपती नाही, अभयारण्य, सुप्यालाच उतरायचंय. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "साहेब, गणपतीला चला. देवळाजवळ सोडतो. तिथं जाऊन काय बघणार, नुसता माळ हाय." मागच्या सीटवरच्या आजी पण म्हणाल्या, "इतक्या लांब आलास तर दर्शन घे बाबा." सगळी एसटी माझ्या उद्धाराला लागली. शेवटी "परत येताना नक्की जातो" असं सांगून सुटका करून घेतली.

सुप्याला उतरून विचारलं, अभयारण्य किती लांब? "हे काय, हितंच. पाच मिनटं." गावाकडच्या पाच मिनिटांत एक मोटारसायकल गृहीत धरलेली असते हे तुम्ही चालायला लागेपर्यंत कोणी सांगत नाही. पुणे आणि सुपे ही शहाजीराजांची जहागीर, तेव्हापासून या दोन गावांची नावं जोडीने घेतली जातात. पण तेव्हाच्या लोकांना घोडे होते. मी पायी. वाटेत दोनदा कुत्री लागली आणि एकदा एक शाळकरी पोरगा सायकलवरून जाताना थांबून म्हणाला, काका पेट्रोल संपलं का?

गेटवर एक सज्जन गृहस्थ रजिस्टर घेऊन बसलेले. नाव, गाव, माणसं किती, आणि मग गाडी नंबर. म्हटलं, गाडी नाही. ते म्हणाले, बाहेर लावलीये का? म्हटलं, गाडीच नाही. त्यांनी माझ्या पाठीमागे लांबवर बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या रिकाम्या रकान्याकडे. "मग आलात कसं?" एसटीनं. "बरं, मग एसटीचा नंबर सांगा." मला कुठे आठवतोय! शेवटी त्या रकान्यात त्यांनी "पायी" लिहिलं, आणि मला बसवून स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजला. आळंदीहून वाट चुकून इकडे आलोय अशी बहुतेक त्यांची समजूत झाली असावी.

हे अभयारण्य म्हणजे अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, १९९७ साली घोषित झालेलं. पुण्यातल्या काही टाऊनशिप स्वतःबद्दल जे बोलतात ते ऐकलं तर त्यांच्या क्लबहाऊसमध्येच मावेल. पण आहे भारी. पिवळं गवत, मध्येमध्ये बोरी, बाभळी, हिवर, आणि वर एवढं आभाळ की पुण्यात असं मोकळं मिळालं तर लगेच त्याचा एफएसआय काढतील. माळ म्हटलं की आपल्याकडे लोकांना तो पडीकच वाटतो, काहीतरी लावा, काहीतरी बांधा, गेला बाजार झाडं तरी लावा. पण झाडं नाहीत म्हणूनच तर धाविक, चंडोल, माळटिटवी तिथे राहतात, आणि थंडीत भोवत्या येतो तो पण गवतावरून खालून खालून उडतो कारण मध्ये काही आडवं येत नाही. चिंकारा दिसले! तीन होते, लांब, सारखी शेपटी हलवत. हा प्राणी पाल्यातून आणि दवातून मिळेल तेवढ्या ओलाव्यावर पाणी न पिता दिवसच्या दिवस काढू शकतो. माझी बाटली गेटच्या अलीकडेच संपली होती. आम्ही बराच वेळ एकमेकांकडे बघत उभे होतो आणि मला स्पष्ट दिसत होतं की त्यांना माझी काळजी वाटतेय.

बरं, तिथल्या कुसळी गवताबद्दल सांगायलाच पाहिजे. या गवताच्या बीला एक लांब पीळदार केस असतो, ओल लागली की तो पीळ फिरायला लागतो आणि त्या जोरावर बी जमिनीत घुसतं. काय डोकं आहे बघा. पण हे जमिनीच्या बाबतीत. माझे मोजे घामाने ओलेचिंब होते, त्यामुळे तिथल्या यच्चयावत कुसळांना पाऊस पडल्याचा भास झाला आणि त्यांनी घोट्यात पेरणी सुरू केली. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, इथे स्वतःच्या पायातली शेकडो दिसत होती आणि एक निघत नव्हतं.

सुप्याहून बारामती. बारामतीचं एसटी स्टँड इतकं चकाचक आहे की मी बूट झटकून आत गेलो. तिथून भिगवण. या दोन ओळीत जे संपलं त्याला प्रत्यक्षात दुपार लागली, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही, घाम होता आणि एक वडापाव होता.

भिगवणला हायवेवर उतरलो तर पक्षी अर्थातच तिथे नाहीत. पक्षी कुंभारगावला. कुंभारगाव हायवेनं पुढे आणि मग, बरोबर, फाट्यावरून आत. वडाप मिळालं ते फाट्यापर्यंत, जीपमध्ये दहा जण, त्यातले दोन माझ्या मांडीवर. पुढे एक मासेवाला पोरगा बाईकवर थांबला. "बसा सर, फक्त हा बॉक्स धरा." बॉक्स थर्माकोलचा, कालच्या चिलापीचा, आणि बर्फाचं पाणी माझ्या पँटवर. काठावर उतरलो तेव्हा माझ्या वासानं दोन बगळे जवळ आले, बाकी लोकांना म्हणे त्यांच्यासाठी लपून बसावं लागतं.

काठावर पार्किंग फुल. सगळ्या एमएच १२ आणि १४. एका मोठ्या गाडीच्या मागच्या काचेवर निसर्ग वाचवा असं लिहिलेलं, आणि मालक एकटेच आलेले. म्हणाले, तुम्ही गाडी कुठे लावली? सगळी कथा ऐकून हळहळले, वा वा, खरं पर्यावरण तुम्ही जपता, असं पण म्हणाले. मी लगेच संधी साधली, संध्याकाळी पुण्यापर्यंत येऊ का तुमच्याबरोबर? "अहो नक्की नेलं असतं, पण मागे लेन्स असते." मागे खरंच लेन्स होती. सीटबेल्ट लावून.

नाववाला मात्र हुशार. तिथली मच्छीमार मंडळी आता पक्षी दाखवतात आणि पुस्तकात बघावं लागत नाही इतकं त्यांना पाठ असतं. सरसर नावं घेत होता, चक्रवाक, चित्रबलाक, शेकाट्या, नदीसुरय, ती काळी, कपाळावर पांढरा टिळा असलेली पाणकोंबडीसारखी दिसतात ना, ते वारकरी. आणि मग रोहित. शे-दीडशे तरी असतील, गुडघाभर पाण्यात, डोकं उलटं घालून चिखल गाळत. त्या पाण्यातलं शेवाळ आणि बारीक किडे खाऊन त्यांना तो गुलाबी रंग येतो. पाऊस चांगला झाला की धरण तुडुंब असतं आणि यांना उभं राहायला उथळ जागा मिळत नाही, म्हणून मग ते उशिरा येतात असं तो सांगत होता. म्हणजे १०० टक्के उजनी भरल्यावर आपण पेढे वाटतो तेव्हा हे तिकडे पाणी उतरायची वाट बघत बसतात.

"हे येतात कुठून?" मी विचारलं.

"कच्छच्या रणातून, सर. ते पट्टकादंब बघा, ती बदकं, ती तर हिमालय ओलांडून येतात, मंगोलियाकडून."

"थेट?"

"थेटच की. त्यांना काय, फाटा लागतोय का कुठं."

मला त्या पट्टकादंबांचा भयंकर राग आला. ७,००० मीटरच्या वर उडत येतात म्हणे. मंगोलिया ते भिगवण थेट आणि कोथरूड ते भिगवण चौफुला, सुपे, बारामती, वडाप आणि चिलापी! त्यात त्याने अजून भर घातली, पाण्यावर एक हिरवट तवंग होता, ते काय विचारलं तर हसून म्हणाला, तुमचंच आहे सर. खरं आहे. पुण्याचं, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. आपण सकाळी बेसिनमध्ये चूळ भरतो ती रांगेत उभं न राहता, सुट्टे पैसे न देता, बसल्या जागी इथे पोचते. निसर्गापर्यंत पोचायची पुणेकरांची सगळ्यात सोयीची सार्वजनिक वाहतूक ही एवढीच. तो हसत होता पण मासे त्याच पाण्यातले त्याला विकायचे असतात, त्यामुळे मी फार वेळ हसलो नाही.

परत येताना हायवेच्या नादाला लागलो नाही, स्टेशन गाठलं आणि पुण्याकडे जाणारी गाडी पकडली. जनरल डब्यात एका आजींनी सरकून जागा दिली, मग वास आल्यावर परत आपल्या जागी सरकल्या. थोड्या वेळाने त्यांनी लुगड्याचा काठ झटकला, मग नीट बघितलं, मग माझ्या मोज्यांकडे.

"हे कुठनं आणलंस रे?"

"सुप्याहून. कुसळी आहे, आजी."

"ते दिसतंय मला, माळावर जल्म गेला माझा. माझ्या अंगाला कशाला लावतोस?"

आता काय सांगणार, की गवताचा कारभारच असा आहे, ते असंच कुणाच्या तरी अंगाला चिकटून फिरतं, पूर्वी शेळ्या-मेंढ्यांच्या लोकरीत असायचं आणि आज माझ्या मोज्यात आहे. शेजारच्या माणसाच्या पँटला दहाबारा, समोरच्या पोराच्या दप्तराला चारपाच, वर ठेवलेल्या कुणाच्यातरी गोणपाटाला तर भरपूरच. आजी दौंडला उतरल्या, उतरेपर्यंत शिव्या देत होत्या. निम्मी कुसळं त्यांच्याबरोबर दौंडला बदलली, बाकीची माझ्याबरोबर थेट पुण्यापर्यंत आली.